बुक केलेली गाडी हातात पडेपर्यंत

अमेरिकेत विमानतळावरून घ्यायची भाड्याची गाडी बुक केली की लगेच कन्फर्मेशनचा ई-मेल येतो. वर गाडीचा चकचकीत फोटो, खाली मॉडेलचं नाव आणि त्या नावाला चिकटून बारीक अक्षरांत ‘किंवा तत्सम’. फोटो पाहून घरात चर्चा सुरू होते, रंग आवडला की नाही इथपर्यंत मजल जाते. कंपनीने मात्र फोटोतली गाडी कबूल केलेलीच नसते. तिने कबूल केलेला असतो एक गट, आणि त्या गटातली जी गाडी त्या दिवशी धुऊन-पुसून तयार असेल ती. म्हणून फोटोत टोयोटा कोरोला होती आणि हाती ह्युंदाई एलांट्रा आली, तर तक्रारीला जागा नाही. सात सीटची मिनीव्हॅन बुक केली आणि पुढ्यात पाच सीटची एसयूव्ही आली, तर मात्र दिलेला शब्द मोडलेला आहे. हा फरक ज्याला नीट कळला तो काउंटरवर भलत्या मुद्द्यावर भांडत बसत नाही, आणि खऱ्या मुद्द्यावर माघारही घेत नाही.

हा गट चार अक्षरांत लिहिलेला असतो. एव्हिस, बजेट, युरोपकार आणि हर्ट्‌झ या कंपन्यांनी १९८९ मध्ये ‘अ‍ॅक्रिस’ ही संघटना उभी केली आणि भाड्याच्या गाड्यांसाठी चार अक्षरांची एक सांकेतिक पद्धत चालवली. आज जगभरच्या बुकिंग यंत्रणा बहुतांशी तीच वापरतात. पहिलं अक्षर आकार सांगतं, दुसरं गाडीची घडण, तिसरं गिअर आणि चाकांना मिळणारी ताकद, चौथं इंधन आणि एसी. ‘आय-सी-ए-आर’ म्हणजे इंटरमीजिएट आकाराची, साधी दोन किंवा चार दारांची, ऑटोमॅटिक, एसी असलेली गाडी. ‘आय-एफ-ए-आर’मध्ये दुसरं अक्षर बदललं, की त्याच आकाराची एसयूव्ही झाली. ‘एम-व्ही-ए-आर’ म्हणजे मिनीव्हॅन. कन्फर्मेशनवर किंवा एजंटच्या व्हाउचरवर ही अक्षरं कुठेतरी कोपऱ्यात छापलेली असतात. शाखेतल्या माणसाला त्याच्या स्क्रीनवर तुमचा फोटोबिटो काही दिसत नाही, त्याला गट दिसतो. तेव्हा बोलणं त्याच भाषेत करावं.

तिसऱ्या अक्षराकडे आपल्या लोकांनी खास लक्ष द्यावं. ‘एम’ म्हणजे हाताने गिअर टाकायची गाडी, ‘ए’ म्हणजे ऑटोमॅटिक. अमेरिकेत भाड्याची गाडी ऑटोमॅटिकच असते, म्हणून तिथे हा प्रश्न सहसा येत नाही. युरोपात स्वस्त गटांमधल्या पुष्कळ गाड्या ‘एम’ असतात. पुण्या-नाशकात आयुष्यभर गिअरची गाडी चालवलेल्या माणसाला वाटतं, त्यात काय मोठंसं. इटलीत किंवा फ्रान्समध्ये गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला, आणि हे सगळं रात्रभराच्या विमानप्रवासानंतर. तिथे ऑटोमॅटिक बुक केली असेल तर ती मिळालीच पाहिजे, दोन अंगुळं मोठी गाडी मिळाली नाही तरी चालेल. आइसलँडमध्ये तर हेच अक्षर कायद्याशी येऊन भिडतं. तिथल्या आतल्या डोंगराळ भागातल्या ‘एफ’ क्रमांकाच्या रस्त्यांवर फोर-व्हील ड्राइव्ह नसलेली गाडी नेण्याची परवानगीच नाही. दिसायला एसयूव्ही पण चालणारी दोनच चाकांवर, अशी गाडी बदली म्हणून घेतली, तर आखलेला अर्धा प्रवास तिथेच संपला.

आता आकाराच्या नावांकडे येऊ. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, गाड्यांचे आकार आतल्या जागेवरून ठरवते. प्रवाशांची जागा आणि डिकी मिळून ११० ते १२० घनफूट भरली तर ती सेडान मिडसाइज, १०० ते ११० भरली तर कॉम्पॅक्ट. या मापाने कोरोला सेडान कॉम्पॅक्ट ठरते आणि कॅम्री मिडसाइज. भाड्याच्या काउंटरवर तीच कोरोला ‘मिडसाइज’ किंवा ‘इंटरमीजिएट’ म्हणून मिळते आणि कॅम्री चक्क ‘फुलसाइज’ होते. प्रत्येक गाडी कागदावर एक पायरी वर चढलेली असते. यात लबाडी आहे असं मी म्हणणार नाही, कारण गटांची उतरंड कंपन्या उघडपणे छापतात. पण घरी स्वतःची कॅम्री वापरणारा माणूस ‘मिडसाइज’ वाचून निर्धास्त राहतो आणि विमानतळावर डिकी उघडल्यावर चौथी बॅग हातात धरून उभा राहतो. त्याला बुक केलेलाच गट मिळालेला असतो. चूक आधीच, नाव वाचताना झालेली असते. आपल्याला लागणारी गाडी मॉडेलच्या नावावरून ओळखावी, तिच्या डिकीचं माप बघावं आणि मग ते मॉडेल कंपनीच्या कुठल्या गटात बसतं ते शोधावं. उलट क्रमाने गेलं की फसगत होते.

डिकीचं माप म्हणजे काय, ते एकदा हिशेब करूनच पाहू. भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या बऱ्याच तिकिटांवर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात आणि बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटरची मर्यादा असते. ७६ बाय ५० बाय ३० सेंटिमीटरची बॅग या मर्यादेत बसते, आणि तिचं आकारमान होतं सुमारे ११४ लिटर. समजा, मुलाकडे आई-बाबा आणि सासू-सासरे एकत्रच आले. चार माणसं, आठ बॅगा, ९१२ लिटर. त्यांना घ्यायला मुलगा आणि सून गेले तर गाडीत माणसं सहा. घरची पाच सीटची गाडी पुरणार नाही, म्हणून मिनीव्हॅन बुक होते. क्रायस्लर पॅसिफिका या मिनीव्हॅनमध्ये तिसऱ्या रांगेच्या मागे ३२.३ घनफूट, म्हणजे साधारण ९१५ लिटर जागा असते. आकडे जुळले असं वाटतं. मात्र हे माप छतापर्यंतचं असतं आणि चाकांच्या कमानी, दाराचा बाक, बॅगांच्या मुठी या सगळ्यांत बरीच जागा वाया जाते. तरीही तिसऱ्या रांगेचा छोटा भाग पाडून दोन सीट ठेवल्या की सहा माणसं आणि आठ बॅगा बसतात, लोणच्याच्या बरण्यांची बॅग कुणाच्या मांडीवर न देता.

या मिनीव्हॅनच्या जागी काउंटरवरचा माणूस ‘तिसऱ्या रांगेची एसयूव्ही देतो, तीही सात सीटचीच’ असं सांगतो तेव्हा काय होतं? टोयोटा हायलँडरमध्ये तिसऱ्या रांगेमागे १६ घनफूट, म्हणजे साधारण ४५३ लिटर जागा आहे. मिनीव्हॅनच्या निम्मी. तीन बॅगा कशाबशा. सीट सात आहेत हे खरं, पण सात माणसांचं सामान घेण्यासाठी ती गाडी बनलेलीच नाही. त्यामुळे सीटची संख्या सारखी म्हणजे गाडी ‘तत्सम’, हे मान्य करू नये. मोठी शेव्हर्ले सबर्बन दिली तर गोष्ट वेगळी. तिच्यात मागे ४० घनफुटांहून जास्त जागा असते, ती बदली आनंदाने घ्यावी. बारा सीटची व्हॅन देऊ केली तर मात्र सही करण्याआधी थांबावं. अनेक क्रेडिट कार्डांच्या विम्यातून मोठ्या प्रवासी व्हॅन, ट्रक आणि महागड्या गाड्या वगळलेल्या असतात. मिनीव्हॅनला लागू असलेलं संरक्षण त्या व्हॅनला लागू असेलच असं नाही. फुकट मिळालेली मोठी गाडी अशी महागात पडू शकते.

बुक केलेला गट मिळत नाही, याचं कारण शाखेच्या रोजच्या गणितात आहे. सकाळी शाखेचा मॅनेजर हिशेब मांडतो: आवारात किती गाड्या उभ्या आहेत, दिवसभरात किती परत येणार, किती जाणार, आणि बुकिंग करून न येणारे किती असतील. यातला शेवटचा आकडा सगळ्यात नाजूक. अमेरिकेत बरंचसं बुकिंग आगाऊ पैसे न भरता होतं आणि न आल्याबद्दल दंडही नसतो. लोक तीन कंपन्यांकडे बुक करतात आणि एकीकडे जातात. म्हणून कंपन्या असलेल्या गाड्यांपेक्षा जास्त बुकिंग घेतात. अंदाज बरोबर आला तर कुणाला काही कळत नाही. मग कुणीतरी फोन करून गाडी आणखी दोन दिवस ठेवतो, कुणी ती न सांगता दुसऱ्याच शहरात सोडतो, एखादीची काच तडकते. एखाद्या मॉडेलचा रिकॉल निघाला, म्हणजे दोष सापडून ते दुरुस्तीला परत मागवलं गेलं, तर एका रात्रीत अख्खा गट रिकामा होऊ शकतो. २००४ मध्ये कॅलिफोर्नियात भाड्याच्या, रिकॉल निघालेल्या पण दुरुस्त न केलेल्या गाडीत दोन बहिणींचा जीव गेला. त्यांच्या आईने हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला आणि अखेर २०१५ मध्ये कायदा झाला: ३५ हून जास्त गाड्यांचा ताफा असलेल्या कंपनीने रिकॉलची दुरुस्ती झाल्याशिवाय गाडी भाड्याने द्यायची नाही. या कारणाने गाडी मिळाली नाही तर मी तरी हूं की चूं करणार नाही.

गटांमध्येही सगळे सारखे नसतात. इकॉनॉमी संपली तर कॉम्पॅक्ट देता येते, कॉम्पॅक्ट संपली तर इंटरमीजिएट. खालच्या पायऱ्यांवर वर सरकायला जागा असते आणि ती फुकटच मिळते. मिनीव्हॅनच्या वर फारशा पायऱ्याच नाहीत. संख्याही थोडी, आणि मागणी येते ती सगळी एकदम: थँक्सगिव्हिंग, नाताळ, उन्हाळ्याच्या सुट्ट्या. म्हणून ज्याला मोठी गाडी खरोखर हवी आहे त्यालाच ती न मिळण्याचा धोका सर्वांत जास्त, ही या धंद्यातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट आहे. एकटा माणूस मिडसाइजऐवजी कॉम्पॅक्टमध्ये बसला तर त्याचं काही बिघडत नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीला दोन बॅगांच्या मध्ये चार तास कोंबून न्यावं लागलं तर बिघडतं.

ताफाच आटला तर काय होतं ते २०२१ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. कोविडमध्ये प्रवास बंद झाला, हर्ट्‌झने मे २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, कंपन्यांनी गाड्या विकून टाकल्या. पुढच्या वर्षी प्रवासी परतले तेव्हा चिपच्या टंचाईमुळे नव्या गाड्याही मिळेनात. हवाई बेटांवर गेलेल्या पर्यटकांनी घरसामान हलवायचे यू-हॉलचे ट्रक भाड्याने घेऊन समुद्रकिनारे पाहिले.

काउंटरवरच्या या प्रसंगाची अमेरिकेत इतकी सवय झाली आहे की १९९१ साली ‘साइनफेल्ड’ या मालिकेने त्यावर एक प्रवेश केला. जेरीने मिडसाइज बुक केलेली असते, काउंटरवरची बाई नोंद आहे म्हणते, गाडी मात्र नाही. तीसहून अधिक वर्षं झाली, लोक अजून तो प्रवेश आठवतात. हसून सोडून देण्यासारखा हा विषय मला वाटत नाही, कारण शेजारच्याच धंद्यात याच दुखण्यावर उपाय झालेला आहे. एप्रिल १९७२ मध्ये ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर यांना अलेगेनी एअरलाइन्सने जास्तीच्या बुकिंगमुळे विमानात घेतलं नाही. ते कोर्टात गेले. १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना फसवणुकीचा दावा चालवण्याची मुभा दिली. १९७८ मध्ये नियम आला: जागा कमी पडली तर कंपनीने आधी स्वखुशीने उतरणारे प्रवासी शोधावेत. ज्याला जबरदस्तीने मागे ठेवलं त्याला भरपाई द्यावी. स्वखुशीची ही कल्पना ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच मांडली होती. आज युरोपात असा नियम आहे, भारतात विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएचाही आहे.

भाड्याच्या गाड्यांसाठी अमेरिकेत असा देशव्यापी नियम नाही. गाडी संपली तर कंपनी काय देणार, हे तिच्या अटी आणि शाखेच्या मॅनेजरची मर्जी ठरवते. चांगल्या शाखा ग्राहकाला दुसऱ्या कंपनीकडे पाठवतात आणि भाड्यातला फरक सोसतात. असा नियम गाड्यांनाही लावायला काहीच हरकत नाही. ठरावीक भरपाई द्यावी लागली असती तर सकाळच्या त्या गणितात मिनीव्हॅन जपून धरल्या गेल्या असत्या.

तोवर आपली बाजू आपणच भक्कम करायची. बुकिंग करताना विमानाचा नंबर जरूर टाकावा. विमान उशिरा आलं तर तो नंबर पाहून गाडी ठेवली जाते, नाहीतर ठरल्या वेळेनंतर थोड्याच तासांत नोंद रद्द होऊ शकते. गावातल्या छोट्या शाखेत भाडं कमी असतं, पण तिथे गाड्या मोजक्या. मोठी गाडी हवी असेल तर विमानतळावरची शाखा बरी. कंपन्यांच्या सदस्य योजना फुकट असतात, त्यात नाव घालावं. नॅशनल या कंपनीच्या योजनेत मिडसाइज बुक केलेला सदस्य ठरावीक रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांपैकी हवी ती निवडतो आणि भाडं मिडसाइजचंच भरतो. अशा ठिकाणी काउंटरवरचा वादच उरत नाही. आणि गाडी घ्यायची वेळ शक्य असेल तर दुपारची ठेवावी. सकाळी लवकर गेलं तर आदल्या रात्रीच्या उरलेल्या गाड्या असतात, परत येणाऱ्या अजून वाटेत असतात.

काउंटरवर एक प्रश्न सगळ्यांत आधी विचारायचा: मी बुक केलेल्या गटातली गाडी आत्ता आवारात उभी आहे का? हो किंवा नाही, उत्तर मिळेपर्यंत दुसरं काही बोलू नये. कारण पुष्कळदा समोरचा माणूस हसतमुखाने म्हणतो, दिवसाला पंचवीस डॉलर जास्त दिलेत तर मोठी गाडी देतो. त्याच्याकडे तुमचा गटच शिल्लक नसेल तर ती मोठी गाडी तुम्हाला विनामूल्य मिळायला हवी, आणि बहुतेक कंपन्यांचं धोरणही तसंच असतं. ‘उभी नाही’ हे त्याच्या तोंडून आलं की पैशाचा विषय संपतो.

छोटी गाडी घेण्यावाचून गत्यंतर नसेल, तर कराराचा कागद शांतपणे वाचावा. अनेक कंपन्यांच्या कागदावर गटाची वेगवेगळी नोंद असते: बुक केलेला गट, दिलेला गट आणि ज्याचं भाडं लावलं तो गट. कॉम्पॅक्ट दिली आणि भाडं मात्र फुलसाइजचं लावलं, असं तिथे डोळ्यांना दिसतं. भाडं तिथल्या तिथे खालच्या गटाचं करून घ्यावं आणि उद्या योग्य गाडी आली की बदलून देऊ, हे कागदावर लिहून घ्यावं. तोंडी आश्वासन पाळीबरोबर बदलतं, संध्याकाळी तिथे दुसराच माणूस बसलेला असतो. मधल्या एजंटच्या साइटवर आगाऊ पैसे भरले असतील तर शाखा फरक परत देऊ शकत नाही, ते पैसे एजंटकडे असतात. तेव्हा शाखेकडून ‘हा गट उपलब्ध नव्हता’ एवढं एक वाक्य सहीनिशी घ्यावं. परताव्याची सगळी लढाई त्या वाक्यावर चालते.

इंधनाचंही पाहावं. हर्ट्‌झने ऑक्टोबर २०२१ मध्ये १ लाख टेस्ला घेण्याची घोषणा केली आणि जानेवारी २०२४ मध्ये २० हजार विजेवरच्या गाड्या विकायला काढल्या. मधल्या काळात पेट्रोलची गाडी मागितलेल्या कित्येकांच्या वाट्याला विजेची गाडी आली. चार्जर कुठे, किती वेळ लागतो, परत करताना किती चार्ज हवा, हे ज्याने कधी केलेलं नाही त्याला योसेमिटीच्या वाटेवर ते शिकवू नये. कोडमधलं चौथं अक्षर इथे उपयोगी पडतं. विजेच्या गाडीचं अक्षर वेगळं असतं, आणि ‘नको’ म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आपल्याकडे हाच अनुभव ड्रायव्हरसकट येतो. गणपतीला कोकणात जायचं म्हणून इनोव्हा सांगितली आणि पहाटे दारात एर्टिगा उभी, हे पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत घडलेलं आहे. त्यात ती सीएनजीची असेल तर डिकीत टाकी, आणि तिसऱ्या रांगेमागे पिशवी ठेवायलाही जागा नाही. ट्रॅव्हल्सवाल्याशी बोलताना नुसतं ‘सात सीटर’ म्हणू नये. मॉडेल, पेट्रोल-डिझेल की सीएनजी, आणि वर कॅरियर आहे का, हे तिन्ही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून त्याचा होकार घ्यावा. आदल्या रात्री गाडीचा नंबर मागवून घ्यावा, त्यावरून मॉडेल आणि इंधन तपासता येतं. गोव्यात किंवा इतरत्र स्वतः चालवायला गाडी घेताना पाटी काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना, हे बघावं. अधिकृत भाड्याच्या गाडीची तीच खूण. कुणाची तरी खासगी, पांढऱ्या पाटीची गाडी बदली म्हणून पुढे केली तर ती घेऊ नये, मग ती कितीही मोठी असो. अपघात झाला तर विमा कंपनी भाड्याच्या वापरावर बोट ठेवते.

ठरवलेली गाडी न देता पूर्ण भाडं घेणं ही आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या भाषेत सेवेतली त्रुटी आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, पुढे जिल्हा आयोगाकडे जाता येतं. त्यासाठी तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा होकार, आलेल्या गाडीचा नंबर दिसेल असा फोटो आणि भाड्याची पावती हवी. फोटो गाडीत सामान चढवण्याआधी, ड्रायव्हरला सांगून काढावा. ड्रायव्हर बिचारा मालकाने दिली ती गाडी घेऊन आलेला असतो, त्याच्यावर आवाज चढवू नये. फोन मालकाला करावा.